दाढीवाला बादशहा आणि पोळ्याचा बैल: ज्युलियनची नाणी जमवणारं आहे का कोणी इथे?

भिंगवाला:

नमस्कार मंडळी. गेली सहा-सात वर्षं वाचनमात्रच होतो, आज हिंमत करून पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या. मी इंग्लंडात सफोकमध्ये राहतो, नोकरी कंटाळवाणी, पाऊस भरपूर, आणि अशा पावसाळी शनिवारी एका नाण्यांच्या जत्रेत शिरलो (जत्राच म्हणायची, हॉलमध्ये टेबलं मांडून बसतात, चहा पाणचट). तिथे एका ट्रेमध्ये जाडजूड तपकिरी नाणं दिसलं, मागे चक्क बैल! उभा, वशिंड नसलेला, शिंगांच्या वर दोन तारे. मला पटकन आजोळचा पोळा आठवला, शिंगांना बेगड लावलेला आमचा सर्ज्या आठवला, आणि घेऊन टाकलं. पुढची बाजू घरी आल्यावर पाहिली, त्यावर डोक्याला मोत्यांची पट्टी बांधलेला, टोकदार दाढीचा माणूस.

हा रोमन सम्राट ज्युलियन. एकट्याने राज्य केलं ते नोव्हेंबर ३६१ ते जून ३६३, म्हणजे जेमतेम वीस महिने. कॉन्स्टँटाइनचा पुतण्या, घराणं ख्रिस्ती झालेलं, आणि हा पठ्ठ्या परत जुन्या देवांकडे वळला म्हणून चर्चवाल्यांनी 'धर्मत्यागी' असं नाव पाडलं. एवढं वाचल्यावर मी अडकलोच. आता माझ्याकडे याची अकरा नाणी आहेत, नऊ कांस्य आणि दोन चांदीची. (किंमत विचारू नका, घरातली माणसंही हे संस्थळ वाचतात.)

माझं म्हणणं असं की ज्याला रोमन नाणी जमवायचीत त्याने सगळे सम्राट एकेक करत बसू नये, एकच माणूस धरावा आणि त्याला म्हातारा होताना बघावं. ज्युलियन म्हातारा झालाच नाही बिचारा, पण त्याची दाढी वाढताना मात्र नाण्यांवर दिसते. ३५५ साली चुलतभावाने, म्हणजे तेव्हाचा सम्राट कॉन्स्टँटियसने, त्याला मिलानमध्ये 'सीझर' केलं, म्हणजे युवराजासारखं धरा. तेव्हाच्या नाण्यांवर हा बोडका, गुळगुळीत, पट्टीबिट्टी काही नाही. ३६० साली पॅरिसमध्ये सैन्याने त्याला ढालीवर उचलून सम्राट म्हणून जाहीर केलं, आता डोक्याला पट्टी आली पण दाढी अजून नाहीच. आणि कॉन्स्टँटियस मेल्यावर एकदम ही भरघोस दाढी!

आता प्रश्न. माझ्या बैलाच्या पायाखाली टाकसाळीची अक्षरं आहेत, त्यातली मधली ओ-एन-एस स्वच्छ वाचता येतात, त्याच्या आधी आणि नंतर घाण बसलीय. विकणाऱ्याच्या चिठ्ठीवर कॉन्स्टँटिनोपल लिहिलंय. बरोबर असेल ना? वजन ८.३ ग्रॅम, रुंदी २८ मिमी. फोटो जोडलाय, फोकस नीट नाही त्याबद्दल क्षमस्व.

मुळामुठा:

जबरी धागा! वाचनखूण साठवली. मी मराठा काळातली शिवराई जमवतो, रोमन म्हणजे आपल्या गल्लीबाहेरचं काम, पण तुमचा बैल बघून जीव खाली-वर झाला. एवढं मोठं तांब्याचं नाणं त्या काळात चालायचं? मी तर ऐकलं होतं की उत्तर रोमन काळात सगळी टिकलीएवढी नाणी.

भिंगवाला:

@मुळामुठा, बरोबर ऐकलंय. ज्युलियन सीझर असतानाची माझ्याकडची नाणी खरंच टिकलीएवढी आहेत. एकावर शिपाई घोड्यावरून पडणाऱ्या शत्रूला भाला खुपसतोय आणि कडेने लिहिलंय 'फेल टेंप रेपरॅटिओ', म्हणजे सुखाचे दिवस परत आले. दिवस सुखाचे आणि नाणं दर दोन-चार वर्षांनी आक्रसत चाललेलं, महागाईचा महिमा. ज्युलियनने येऊन हे मोठं आठ-नऊ ग्रॅमचं कांस्य नाणं काढलं, त्यात चिमूटभर चांदीही असते. जोडीला तीनएक ग्रॅमचं छोटं, त्यावर हा शिरस्त्राण घालून, हातात भाला-ढाल. तो मेल्यावर थोड्याच वर्षांत मोठं नाणं पुन्हा बंद. म्हणून तर मजा आहे, एवढ्याशा काळाचा एवढा ऐवज.

सुलूमावशी:

बैल छान आहे रे बाळा. पण वशिंड नाही म्हणजे जर्सीच की.

उंडगा:

मावशी रॉक्स 😂 भिंगवालाशेठ, तो बैल नक्की कशाला? शेतकऱ्यांचं सरकार होतं काय?

शाईचा डाग:

उंडगा, प्रश्न थट्टेत विचारला असलास तरी त्यावर सोळाशे वर्षं वाद चालू आहे. बैलाभोवती लिहिलंय 'सेक्युरिटास रेइपुब', म्हणजे राज्याची सुरक्षितता किंवा निर्धास्तपणा, आणि बैलाचा त्याच्याशी काय संबंध ते कुठेच लिहिलेलं नाही. एक मत असं की हा बळीचा बैल. ज्युलियन इतके बैल बळी द्यायचा की अँटिओकचे (आजच्या तुर्कस्तानातलं तेव्हाचं मोठं शहर) लोक त्याला पुरोहित न म्हणता खाटीक म्हणायचे, हे त्याच्या बाजूचा इतिहासकार अम्मियानसच लिहून गेलाय. अँटिओककर त्या नाण्यावरूनही टिंगल करायचे, बैल बघा म्हणे, याने जग उलटंपालटं केलंय. दुसरं मत म्हणजे हा इजिप्तचा पवित्र बैल ॲपिस. ३६२ साली बऱ्याच शोधानंतर नवा ॲपिस सापडल्याची बातमी ज्युलियनला आली होती. तिसरं, दोन तारे दिसतात म्हणजे ही वृषभ रास, वरचे तारे कृत्तिका-रोहिणीकडचे. मला स्वतःला वाटतं की एकच अर्थ ठरवायची गरज नव्हती, त्यालाही नसावी. कळपाचं रक्षण करणारा बैल ही राजासाठी जुनीच उपमा आहे, ज्युलियन वाचणारा माणूस होता, त्याला ती ठाऊक असणारच. पण या उपमेवर कोणी पैज लावा म्हटलं तर मी लावणार नाही.

दाढीबद्दल एक भर. त्याला सीझर केलं तेव्हा दरबारात आणून त्याची दाढी जबरदस्तीने भादरली आणि अंगावर लष्करी झगा चढवला, हे त्याने स्वतः अथेन्सच्या लोकांना लिहिलेल्या पत्रात आहे. तोवर तो अथेन्समध्ये तत्त्वज्ञान शिकत होता. म्हणजे तुमच्या बोडक्या नाण्यांवरचा गाल हा नुकताच तासलेला गाल आहे. आणि पुढे अँटिओककरांनी दाढीवरून टोमणे मारले तेव्हा या सम्राटाने कोणाची मुंडकी उडवली नाहीत, 'दाढीद्वेष्टा' नावाचा निबंध लिहून स्वतःचीच चेष्टा करत त्यांना फोडून काढलं. माझ्या दाढीत उवा रानातल्या श्वापदांसारख्या हिंडतात, असं लिहिणारा दुसरा सम्राट मला माहीत नाही.

उंडगा:

सम्राटाने ट्रोलांना लेख लिहून उत्तर दिलं 🤣 हा आपला माणूस, याला इथलं सदस्यत्व द्या.

ठाणेकर_पण_ठाण्यात_नाही:

त्याचा न्हाव्याचा किस्सा पण भारी आहे. राजवाड्यात आल्यावर केस कापायला न्हावी बोलावला तर एक झकपक कपडे घातलेला साहेब हजर. ज्युलियन म्हणाला मी न्हावी बोलावला होता, वसुली अधिकारी नव्हे. चौकशी केली तर या न्हाव्याला रोज वीस माणसांची भाकरी, तेवढ्याच जनावरांची वैरण, वर पगार आणि वरकमाई. सगळ्यांना घरी बसवलं. असा माणूस दाढी वाढवणार नाही तर काय करणार.

भिंगवाला, तुमच्या चांदीच्या दोन नाण्यांबद्दल लिहा की, सगळे बैलामागेच लागलेत.

भिंगवाला:

लिहितो. चांदीच्या नाण्याला संग्राहक सिलिक्वा म्हणतात. पातळ, दोन ग्रॅमच्या आसपास, हातात घेतलं तर जाड कागद उचलल्यासारखं वाटतं. पहिलं अगदी साधं, मागे पानांचा हार आणि हारात चार ओळी, 'व्होट, दहा, मुल्ट, वीस' (आकडे रोमन). हा नवसाचा प्रकार. सम्राट सत्तेवर पाच वर्षं राहिला की देवाला बोललेले नवस फेडायचे आणि पुढच्या दहा वर्षांसाठी नवे बोलायचे, मग दहाचे फेडून वीसचे, असं ते चालतं. ज्युलियनने सीझरपदाच्या पाच वर्षांचा सोहळा ३६० मध्ये गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, व्हिएन गावी केला होता. दहा-वीसवालं त्याच्या पुढचं, त्यावर दाढी आहे. वीस वर्षांचा नवस, आणि २६ जून ३६३ ला इराणच्या मोहिमेत चकमक झाली म्हणून हा चिलखत न घालताच धावला, बरगडीत भाला घुसला, त्याच रात्री गेला. वय एकतीस-बत्तीस.

दुसरी सिलिक्वा माझी जास्त लाडकी आहे, बाजारात तिला कोणी विचारत नाही. कातरलेली आहे. चारी बाजूंनी कडा कापून चांदी काढून घेतलीय, सम्राटाच्या नावातली निम्मी अक्षरं गायब, वजन सव्वा ग्रॅम सुद्धा भरत नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये रोमहून नवी नाणी येणं थांबलं आणि लोक आहे त्याच नाण्यांच्या कडा छाटायला लागले. पण कातरणाऱ्याने एक केलंय, चेहऱ्याला धक्का लावला नाही. भिंगाखाली बघितलं तर कात्रीची प्रत्येक सरळ चीर दिसते, आठ-नऊ चिरा, नाकाच्या शेंड्यापाशी आल्यावर ती किंचित बाहेर वळलीय. चोर पण किती अदबीचा.

माझ्यापासून तासाभरावर हॉक्सन नावाचं खेडं आहे. तिथे नोव्हेंबर १९९२ मध्ये एक शेतकरी शेतात हातोडा हरवून बसला, मित्राला म्हणाला तुझ्याकडे ते धातूशोधक यंत्र आहे ना, बघ जरा. मित्राला सापडला तो रोमन खजिना, सोन्याची ५६९ आणि चांदीची चौदा हजारांवर नाणी, दागिने, चमचे, आणि बाईच्या आकाराची चांदीची मिरपूडदाणी. त्याने उकरत न बसता लगेच कळवलं, म्हणून तज्ज्ञांना सगळं जागच्या जागी मिळालं. हातोडाही सापडला, तोही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्या चांदीतली बहुतेक नाणी अशीच कातरलेली.

गोदाकाठची:

मिरपूड बहुधा आपल्याकडचीच 🙂 केरळातून जायची.

भिंगवालादादा, मी क्षत्रपांची (पश्चिम भारतातले शक राजे) चांदीची नाणी जमवते, तुमच्या सिलिक्वाचं वजन वाचून लगेच काटा काढला. माझं नहपानाचं नाणंही दोन ग्रॅमच्या जवळपासच! तो ज्युलियनच्या शेकडो वर्षं आधीचा हे खरं, पण नंतरचे क्षत्रप ज्युलियनच्या वेळी गुजरात-माळव्यात होतेच, आणि त्यांच्या नाण्यांवर राजाच्या डोक्यामागे शकाचं वर्ष लिहिलेलं असतं. तुमच्या रोमनांनी वर्ष लिहायची तसदी घेतली नाही, आता दाढी मोजत बसा. कातरण्यापेक्षा आपल्याकडची पद्धत न्यारी, नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांवर नाणी सापडली, त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा वरून मारून घेतला होता. चांदी तशीच ठेवली, मालक बदलला.

तुमच्या माणसाचा भारताशी धागा पण आहे. अम्मियानस लिहितो की ज्युलियनकडे लांबलांबच्या देशांतून वकील आले, त्यात भारतीय लोकांचे आणि 'सेरेंदिवी' म्हणजे लंकेचेही होते, भेटी घेऊन, एकमेकांच्या आधी पोचायची चढाओढ करत. चौथ्या-पाचव्या शतकातली रोमन तांब्याची नाणी तमिळनाडूत आणि लंकेत भरपूर सापडतात, लंकेत तर त्यांच्या स्थानिक नकलाही पाडल्यात. आपल्या तेर, कोल्हापूरकडचा रोमन माल त्याच्या पुष्कळ आधीचा. नाशिकला आलात तर अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेचं संग्रहालय नक्की बघा.

मुळामुठा:

एक शंका, ही नाणी भारतात आणता येतील का? आतेभाऊ लंडनला असतो, त्याला एक बैल आणायला सांगावा म्हणतो.

गोदाकाठची:

आणायचं ते नीट जाहीर करून, पावतीसकट आणा. पण एक लक्षात ठेवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांपेक्षा जुनं कुठलंही नाणं पुरावस्तू धरलं जातं, रोमन असो नाहीतर मराठा, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे बैल आला की इथलाच झाला. भिंगवालादादा, सुट्टीला येताना मिरवायला म्हणून खिशात घालून आणू नका!!

भिंगवाला:

बाप रे, गणपतीला येताना आणणारच होतो. वाचवलंत ताई.

उंडगा:

बरं ती घाण काढायची तर चिंच-मीठ लावून घासा ना, आमची आजी देवाची भांडी लावते तशी. दोन मिनिटांत लख्ख.

मुळामुठा:

अरे नको!!! माझी जखम उघडी करू नकोस. माझी एक दुदांडी (अक्षरांमध्ये दोन आडव्या रेघांची) शिवराई होती, गर्द हिरवट-काळी पाटिना, म्हणजे धातूवर काळाने चढलेला थर, अक्षरं कोरल्यासारखी. मी ऑफिसला गेलो आणि आईने दिवाळीची साफसफाई काढली. संध्याकाळी आलो तर देवघरात निरांजनाशेजारी गुलाबी झालेली शिवराई, आणि आई म्हणते बघ कशी निघाली, तुझी सगळीच आण. कित्येक वर्षांचा रंग चिंचेच्या एका बोटकात गेला. अक्षरं पण पुसट झाली कारण पाटिनाच अक्षर धरून ठेवते, खाली धातू आधीच खाल्लेला असतो. रागावणार कोणावर, देवाजवळ ठेवलंन वर.

शाईचा डाग:

मुळामुठांना दुजोरा. आंबट काहीही नको, लिंबू नको, व्हिनेगर नको. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, मऊ ब्रश आणि लाकडी दातकोरणी, बस्स. सुई लावायची नाही. मात्र फिकट हिरवी, बोट लावल्यावर पावडरीसारखी निघणारी बुरशी दिसली तर ती पाटिना नव्हे, तो कांस्याचा रोग, क्लोराइडमुळे आतून कुरतडत जातो. तसलं नाणं आधी बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि कोरडं ठेवा, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका. मुंबईच्या हवेत तर हे फारच.

आता मूळ प्रश्न. चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका. ओ-एन-एस दोन टाकसाळींच्या खुणेत येतं. कॉन्स्टँटिनोपलच्या खुणेत एस नंतर पी येतो आणि त्यापुढे टाकसाळीतल्या विभागाचं ग्रीक अक्षर. पण फ्रान्समधलं आर्ल, त्याचं नाव तेव्हा राजघराण्यावरून कॉन्स्टँटिना केलेलं होतं, त्यामुळे तिथल्या खुणेत एस नंतर टी, आणि विभागाचं अक्षर सगळ्यात आधी. म्हणजे तुमचं सगळं भांडण एस च्या पुढचं अक्षर टी की पी यावर आहे. आणखी एक, आर्लच्या कित्येक बैलांसमोर उजव्या कडेला एक गरुड उभा असतो, पायाखाली हार, चोचीत हार. तो दुसऱ्या कुठल्या टाकसाळीने काढला नाही. आर्लच्या सिलिक्वांवर पण हाराच्या शेंड्याला पदकात गरुड असतो. तुमच्या फोटोत बैलाच्या नाकासमोर मातीचा ढेकूळ आहे ना, त्याखाली बघा. आणि गरुड निघाला नाही म्हणून आर्ल नाही असंही समजू नका, बिनगरुडाचेही आहेत. अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीचा रोमन नाण्यांचा कॅटलॉग ऑनलाइन फुकट आहे, तिथे ज्युलियनचे बैल टाकसाळीप्रमाणे लावून बघता येतात.

ठाणेकर_पण_ठाण्यात_नाही:

नव्या लोकांसाठी, ज्युलियनच्या सिलिक्वा खोट्या पण खूप निघतात. मी एक घेतली होती, विकणाऱ्याचं नाव घेत नाही, पैसे परत दिले त्याने. दिसायला झकास. मला संशय आला तो अक्षरांवरून, कडा साबणाच्या वडीसारख्या गोलसर, ठशाने पाडलेल्या नाण्याच्या कडा कशा तीक्ष्ण असतात तशा नव्हत्या. भिंगाखाली पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे, म्हणजे ओतीव. आणि नंतर तीच सिलिक्वा, तोच गालावरचा ओरखडा, तीच कडेची चीर, दुसऱ्या एका लिलावात दिसली! ओरखडा सुद्धा जुळा. दोन खऱ्या नाण्यांचा ठसा एक असू शकतो, ओरखडा नाही.

अजून एक, खऱ्या जुन्या चांदीला जपा, आतून ती स्फटिकासारखी ठिसूळ झालेली असू शकते, तसलं नाणं फरशीवर पडलं तर काचेसारखं दुभंगतं. टॉवेल पसरून त्यावर बघा.

भिंगवाला:

सगळ्यांचे आभार. नाणं आजपासून पाण्यात. जुन्या लोणच्याच्या बरणीत ठेवलंय (धुतलेल्या!), वर चिठ्ठी लावलीय 'पिऊ नये, बैल आहे'.

भिंगवाला:

अपडेट. तीन आठवडे झाले, पाणी सात वेळा बदललं, पहिल्या वेळी चहासारखं झालं होतं. आज सकाळी दातकोरणीने नाकासमोरचा ढेकूळ हलवला तर अख्खा खपलीसारखा निघाला. खाली आधी पंखासारख्या तिरक्या रेघा दिसल्या, मग पाय, मग पायाखाली बारीक गोल कडं. हात थरथरत होते राव, बाजूला ठेवलं, चहा केला, परत आलो. आणि एस च्या पुढे उभा दांडा, त्यावर आडवा. टी! अगदी सुरुवातीला पोट फुगलेला पी पण आहे, म्हणजे आर्लचा पहिला विभाग. विकणाऱ्याची चिठ्ठी फाडली नाही, तिच्याच मागे नवीन लिहिलं. फोटो जोडतोय, यावेळी खिडकीपाशी काढलाय.

शाईचा डाग:

हार्दिक अभिनंदन! चोच पण दिसतेय, चोचीतला हार अर्धा. सुंदर.

मुळामुठा:

आतेभावाला फोन केला. तो म्हणतो बैल आणतो, पण आत्याला कळवू नको.

सुलूमावशी:

फोटो मोठा करून बघितला रे. बैल झकास निघालाय. पण त्याच्या पुढ्यात ते कोंबडं कशाला उभं केलंय?

भिंगवाला:

मावशी, गरुड आहे तो!

सुलूमावशी:

असेल. कोंबडंच दिसतंय.